टोकाची भूमिका

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

पुढचं वाचण्यापूर्वी एक काम करा. कॉलेजच्या पार्किंगमध्ये जा आणि कुठल्याही जुन्या सायकलच्या मागच्या ब्रेकजवळ वाकून बघा. ब्रेकची केबल बोल्टखाली जिथे आवळलेली असते, त्याच्या पुढे दोन-तीन इंच तार मोकळी लोंबत असते. तिच्या टोकाला बारीकशी अ‍ॅल्युमिनियमची टोपी असेल तर ती सायकल कुणीतरी जपतंय असं समजा. टोपी नसेल तर तिथे झाडू दिसेल! तारा फुललेल्या, एक इकडे एक तिकडे, आठच्या लेक्चरला आलेल्या होस्टेलवासीयाच्या केसांसारख्या. हात मात्र लावू नका. बोटात घुसली की निघता निघत नाही.

तुम्ही म्हणाल, ह्याला लिहायला दुसरा विषय मिळाला नाही का? मराठी विभागात पहिला पाऊस असतो, कटिंग चहा असतो, 'ती' असते, सबमिशनची शेवटची रात्र असते. त्यात ही तार कुठून आली? पण माझं म्हणणं थोडं गंभीर आहे. चार वर्षांत आपण वायर रोपबद्दल जे शिकतो ते सगळं दोराच्या मधल्या भागाबद्दल असतं. टोकाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि दोराने दगा द्यायचं ठरवलं तर टोक ही त्याची एक आवडती जागा आहे.

मशीन डिझाईनचं ते गणित आठवा. लिफ्टचं वजन अमुक, खाणीची खोली तमुक, त्वरण एवढं, फॅक्टर ऑफ सेफ्टी तेवढा, दोर निवडा. आपण ६×१९ चा दोर घेतो, तक्त्यातून तारेचा व्यास ०.०६३d काढतो, बेंडिंग स्ट्रेस काढतो, सगळे भार जोडतो, उत्तराभोवती चौकट आखतो आणि मोकळे होतो. आता आकृतीकडे बघा. ड्रमवरून एक रेघ खाली येते आणि एका चौकोनाला चिकटते. तो चौकोन म्हणजे माणसांनी भरलेला पिंजरा. ती रेघ त्या चौकोनाला चिकटते कशी, हे मात्र विचारायचं नाही. सिलॅबसमध्ये नाही!

दोर ही चीज मुळात का बनली हे बघितलं की टोकाचं महत्त्व कळतं. १८३४ साली जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरात, क्लाउसथालच्या खाणीत, विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण-अधिकाऱ्याने लोखंडी तारांचा दोर वापरात आणला. गंमत म्हणजे हा गृहस्थ शिक्षणाने कायद्याचा माणूस. त्याआधी खाणीत साखळ्या वापरत. साखळीची एक कडी गेली की सगळा कारभार तळाला, आणि कडी जाण्याआधी काही सांगतही नाही. आल्बर्टने ३.५ मिलिमीटरच्या चार-चार तारांचे तीन पेड घेतले आणि ते एकत्र पिळले. तीन पेडांची वेणी म्हणा ना! बारा तारांपैकी एक तुटली तरी अकरा शिल्लक. शिवाय तुटलेली तारही अगदीच वाया जात नाही. शेजारच्या तारा तिला घट्ट दाबून धरतात, त्यामुळे काही पिळांचं अंतर गेलं की घर्षणाच्या जोरावर ती पुन्हा आपला वाटा उचलायला लागते. दोराची सगळी अक्कल ह्या एका गोष्टीत आहे. आजच्या १२ मिलिमीटरच्या ६×१९ दोरात ११४ तारा असतात, प्रत्येकी पाऊण मिलिमीटरच्या, आणि त्या एकमेकींना अशाच सांभाळून घेतात.

पण टोकाशी हे घर्षण आणायचं कुठून? तिथे पुढे लांबीच उरलेली नसते. मधे शंभर मीटरभर सगळ्यांनी मिळून वाहिलेला भार शेवटच्या पाच-दहा सेंटिमीटरमध्ये कुठल्या तरी एका हुकाच्या, एका नळकांड्याच्या किंवा एका क्लिपच्या हवाली करायचा असतो. म्हणजे साखळीची कडी आपण हाकलली, ती मागच्या दाराने टोकाशी येऊन बसली.

आता टोक फुलतं कशामुळे? 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण ज्याने केली त्याने तारेचा दोर नक्कीच पाहिला नव्हता. काथ्या मऊ असतो, पिळला की तसाच बसतो. पोलादी तार म्हणजे हट्टी स्प्रिंग. तिला जबरदस्तीने पिळात बसवलेलं असतं आणि तिला सतत सरळ व्हायचं असतं. मधे असते तोवर शेजारणी बसू देत नाहीत, म्हणजे उठू देत नाहीत. कापलं की टोकाला धरणारं कुणी नाही, मग पीळ गेलाच! ह्यावर कारखानदारांनी एक सुंदर तोडगा काढला. तार आणि पेड दोरात बसवण्याआधीच त्यांना मळसूत्री वळण देऊन ठेवायचं. ह्याला प्रीफॉर्म्ड दोर म्हणतात. असा दोर कापला तरी बऱ्यापैकी शहाण्यासारखा राहतो. बऱ्यापैकीच बरं का, पूर्ण नाही. त्यात आपण ज्या पद्धतीने कापतो ती बघता कुठलाही शहाणा दोर वेडा होईल. साध्या पकडीच्या धारेने दोर आधी चेपतो, मग कुरतडला जातो, मग आपण तो दोनदा मागे-पुढे वाकवतो आणि तोडतो. झाडू तयार.

इथे बहुतेकांचा प्रश्न असतो: फुललं तर फुललं, दिसायला वाईट, पण बिघडलं काय? सायकलपुरतं उत्तर सोपं आहे. फुललेली केबल एकदा बाहेर काढली की आउटरमध्ये परत जात नाही. म्हणजे तेलपाणी करायला काढलेली धडकी केबल फेकून नवी आणायची. पण जाड दोरात नुकसान टोकापाशी थांबत नाही. टोक मोकळं सुटलं की पेड सैल होतात आणि तो सैलपणा दोरातून मागे मागे सरकतो. मग सहा पेडांत भाराची वाटणी समान राहत नाही. ताठ पेड जास्त ओढतात आणि ढिले पेड आराम करतात (ग्रुप प्रोजेक्टचा अनुभव असणाऱ्यांना जास्त सांगायला नको). आपण गणितात सगळ्या तारांत समान ताण धरलेला असतो. ते गृहीतक टोकाशी ढासळलं की पानभर गणिताला अर्थ उरत नाही. क्रेनवर वापरतात त्या न फिरणाऱ्या दोरांत, ज्यांचे आतले आणि बाहेरचे थर उलटसुलट पिळलेले असतात, हा प्रकार आणखी वाईट. बाहेरचा थर एकीकडे आणि आतला गाभा दुसरीकडे.

उपाय काय, तर तो इतका साधा आहे की सांगताना लाज वाटते. कापण्याआधी बांधा. कापल्यावर नाही, आधी! कोकणातला कोळी दोराच्या टोकाला सुतळीचे वेढे देतो, नायलॉनच्या दोरीचं टोक आपण काडीने जाळून वितळवतो, आणि बुटाच्या नाडीला तर कंपनीच प्लास्टिकची नळी लावून देते. तारेच्या दोराला मऊ तार लागते. स्लॅबच्या सळया बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर इथे उत्तम चालते, कारण ती तापवून मऊ केलेली असते. ह्या प्रकाराला सीझिंग म्हणतात. बाइंडिंग तारेचं एक टोक दोन पेडांमधल्या खाचेत आडवं निजवायचं, दुसऱ्या टोकाने त्याच्यावरून एकाला एक चिकटून घट्ट वेढे द्यायचे आणि शेवटी दोन्ही टोकं पकडीने पिळून ती गाठ खाचेत ठोकून बसवायची. वेढ्यांची रुंदी निदान दोराच्या व्यासाएवढी हवी. म्हणजे १२ मिलिमीटरच्या दोराला १२ मिलिमीटर किंवा जास्त. जिथे कापायचं त्याच्या दोन्ही बाजूंना असं एकेक सीझिंग, आणि दोर प्रीफॉर्म्ड नसेल किंवा न फिरणारा असेल तर प्रत्येक बाजूला निदान दोन. मग मधे कापा. केबल कटर असेल तर छानच. त्याचे जबडे पोपटाच्या चोचीसारखे असतात, दोराला चारी बाजूंनी कवेत घेतात आणि चेपू देत नाहीत. कटर नसेल तर ग्राइंडरचं पातळ कटिंग व्हील. ऐरण आणि छिन्नी हा जुना मार्गही चालतो, फक्त घाव एकच आणि जोरदार हवा.

सायकलच्या दीड मिलिमीटरच्या केबलला एवढं शास्त्र नको. कापायच्या जागी थोडं सोल्डर पाजलं आणि मग सोल्डरच्या मधोमध कापलं की टोक जन्मभर फुलत नाही. केबल आधी पेट्रोलने पुसून ग्रीस काढायचं, नाहीतर सोल्डर मण्यांसारखं ओघळून जातं. जस्ताचा मुलामा असलेली केबल सोल्डर आनंदाने पिते. स्टेनलेसची केबल मात्र नखरेल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा राळेचा फ्लक्स तिला चालत नाही, आम्लाचा फ्लक्स लागतो आणि नंतर पाण्याने धुवावं लागतं. ६३-३७ चं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, एवढ्या उष्णतेने तारेला काही होत नाही. टोपी चेपून बसवणं हा सर्वांत सोपा मार्ग. फेविक्विकचा थेंबही चालतो, तो तारांच्या फटींत आपोआप शिरतो; पण मी त्याला तात्पुरता म्हणेन. इन्सुलेशन टेपबद्दल माझं मत वाईट आहे. दोन उन्हाळ्यांत तो चिकट काळा चिखल होतो आणि त्याला धूळ चिकटते.

वेल्डिंगबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे 'मार टाका' हे सर्व रोगांवरचं औषध आहे. गॅसने टोक वितळवून तारांची एक गाठ करणं, हे टोक फुलू नये म्हणून करायला हरकत नाही. गाभा काथ्यासारख्या तंतूंचा असेल तर तो ग्रीससकट पेट घेतो, तेवढं सांभाळा. पण त्या वितळवलेल्या टोकावर भार टाकायचा नाही. कधीच नाही. दोराची तार १७७० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या ग्रेडची असते. आपल्या नेहमीच्या माइल्ड स्टीलच्या चौपट धरा. ही ताकद तिला थंड अवस्थेत डायमधून पुन्हा पुन्हा ओढून मिळालेली असते. ज्योत लागली की ती कमाई काही सेकंदांत जाते. तरीही दोर थेट हुकाला वेल्ड करून वापरणारे महाभाग असतात. एका बांधकामावर मी हे स्वतः पाहिलं. वेल्ड दिसायला फार सुरेख होता!

आणि क्लिपा. मंडपाच्या, होर्डिंगच्या ताणतारा बघा. दोर वळवून, लूप करून, यू-बोल्टच्या क्लिपा लावलेल्या असतात. क्लिपचे दोन भाग असतात, खाच असलेली बैठक आणि यू आकाराचा बोल्ट. बैठक भार घेणाऱ्या लांब दोरावर यायला हवी आणि यू बोल्ट कापलेल्या आखूड शेपटावर, कारण यू बोल्ट दोराला चावतो. नीट बसवलेल्या क्लिपा दोराच्या साधारण ८० टक्के ताकद देतात. त्या किमान तीन लागतात आणि पहिला भार पडल्यावर पुन्हा आवळाव्या लागतात, कारण ताण आला की दोर बारीक होतो. मला उलट्या किंवा एकआड एक उलट्यासुलट्या लावलेल्या क्लिपा इतक्या वेळा दिसल्या आहेत की गणपतीत आरतीपेक्षा माझं लक्ष तिकडे असतं.

पूर्ण ताकद हवी असेल तर सॉकेट. आणि इथे खरी गंमत आहे. सॉकेटमध्ये दोर बसवायचा तर त्याचं टोक मुद्दाम फुलवावं लागतं! प्रत्येक तार सुटी करायची, स्वच्छ करायची, तो झाडू शंकूच्या आकाराच्या पोलादी वाटीत ओढून घ्यायचा आणि वर वितळलेलं जस्त ओतायचं. ताण आला की जस्ताचा शंकू वाटीत पाचरीसारखा रुतत जातो. पण त्याआधी, फुलणं जिथे थांबायला हवं तिथे, सीझिंग करावंच लागतं. टोक फुलवायचं, पण किती फुलवायचं हे आपण ठरवायचं, तारेने नाही.

'एवढं काय त्यात, हे तर रिगरचं काम, इंजिनिअरचं नाही' असं मला आमच्याच वर्गातल्या दोघा-तिघांनी सुनावलंय. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं.

पोर्तो रिकोमधली अरेसिबोची रेडिओ दुर्बीण. १९६३ साली सुरू झालेली, ३०५ मीटर व्यासाची थाळी आणि तिच्यावर तीन मनोऱ्यांवरून केबलींनी टांगलेला सुमारे ९०० टनांचा सांगाडा. १० ऑगस्ट २०२० रोजी तिची एक जादा केबल, १९९० च्या दशकातल्या सुधारणेत लावलेली, तुटली नाही; सॉकेटमधून सुटून बाहेर आली. नोव्हेंबरमध्ये एक मुख्य केबल तुटली. १ डिसेंबरला सगळा सांगाडा थाळीत कोसळला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. २०२४ साली अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीजच्या समितीने जो अहवाल दिला त्यात बोट ठेवलंय ते सॉकेटमधल्या जस्तावर. वर्षानुवर्षांच्या भाराखाली जस्त हळूहळू सरकत गेलं, क्रीप झालं. २०१७ च्या मारिया वादळानंतरच्या तपासण्यांत केबली सॉकेटमधून बाहेर सरकलेल्या दिसत होत्या, आणि तेव्हाच धोक्याची घंटा वाजायला हवी होती असं समितीने म्हटलंय. ते सरकणं बघणारे लोक रिगर नव्हते. सगळे शिकलेसवरलेले होते.

दुसरं उदाहरण लिस्बनचं. तिथली ग्लोरिया फ्युनिक्युलर १८८५ पासूनची. चढावर दोन डबे, एका केबलच्या दोन टोकांना बांधलेले. एक खाली येतो तेव्हा दुसरा वर जातो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केबल वरच्या डब्याला जिथे जोडलेली होती तिथेच निकामी झाली, डबा उतारावरून सुटला आणि १६ माणसं गेली. केबल म्हातारी नव्हती. ठरलेल्या ६०० दिवसांच्या आयुष्यापैकी तिचे ३३७ दिवस झाले होते. त्याच दिवशी सकाळी तपासणीही झाली होती आणि तीत काही वावगं आढळलं नव्हतं. कारण ती जागा भाग सुटे केल्याशिवाय दिसतच नव्हती. चौकशीच्या प्राथमिक अहवालात आलंय की ही केबल प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हती, आणि टोकांना फिरतं जोडसाधन लावून वापरण्याजोगीही नव्हती. हे दुसरं वाक्य नीट वाचा. ज्या दोराचा पीळ टिकण्यावर सगळं अवलंबून, त्याचं टोक मोकळं फिरू दिलं तर काय होईल, हे आपल्या पार्किंगमधला झाडू बघूनही सांगता यायला हवं. अपघाताचं नेमकं कारण चौकशी करणारे सांगतील. पण तपासणी दोराच्या दिसणाऱ्या भागाची होते आणि टोक झाकलेलं राहतं, एवढं तरी ह्यातून दिसतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आपण लाकडाचा टी-जॉइंट करतो, फिटिंगमध्ये लोखंडी पट्टी आठवडेच्या आठवडे कानशीने घासतो. त्याबद्दल तक्रार नाही, हाताला वळण लागतं. पण त्यातली दोन प्रॅक्टिकल्स दोराला द्या. पहिल्यात ६ मिलिमीटरचा दोर बांधून कापायचा, आणि शेजारीच एक तुकडा न बांधता कापून दोन्ही टोकं जर्नलमध्ये टाचायची (टाचणीची गरज पडणार नाही). दुसऱ्यात थिंबल घालून लूप करायचा, एकावर क्लिपा सरळ आणि एकावर उलट्या लावायच्या, आणि दोन्ही यूटीएमवर ओढायचे. ६ मिलिमीटरचा दोर दोन टनांच्या आसपास तुटतो, आपल्या मशीनला ते काहीच नाही. समोर जाळी मात्र हवी, सुटलेला दोर चाबकासारखा येतो. आणि ओरलला एक्स्टर्नलनी फक्त एवढंच विचारावं: आकृतीतली ही रेघ चौकोनाला चिकटली कशी?

खर्चाचं कारण पुढे येईल म्हणून आधीच सांगतो. बाइंडिंग वायर वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये पडून आहे, थिंबल आणि क्लिपा बाजारात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. कटर मात्र मागवावा लागेल. तो येईपर्यंत छिन्नीवर भागवा, फक्त घाव घालण्याआधी दोन्ही बाजूंना वेढे मारून घ्या आणि डोळ्यांवर गॉगल चढवा.